स्पीकर घेताय? आधी आकडे वाचा, मग पडद्याआड ऐका

दोन-चार स्पीकर आवडलेत आणि कुठला घ्यावा ते ठरत नाही? मग वही-पेन्सिल घ्या आणि बसा टेबलाशी. एक मित्र म्हणतो, "आकडे बघ." दुसरा म्हणतो, "आकडे काय करायचेत, कानाला गोड लागतोय ना?" आपण दोघांचंही ऐकणार आहोत, पण क्रमाने. आधी आकड्यांनी चाळायचं, मग कानांनी निवडायचं. आणि कानांची पाळी आली की कंपनीचं नाव, किंमत आणि लाकडाची झिलई डोळ्यांआड करायची. एवढं जमलं की निवड तुमची, दुकानदाराची नाही.

आपण इथे १० बाय १२ फुटांच्या खोलीसाठी बुकशेल्फ स्पीकरची जोडी निवडू. आकड्यांना एक संध्याकाळ पुरेल, ऐकायला रविवारची दुपार.

साहित्य: वही, पेन्सिल, फूटपट्टी, मोजपट्टी, एक नाणं, दोन फोन, सारख्या उंचीची दोन स्टुलं, दोरी आणि कपड्यांचे चिमटे, व्हॉइलची एक जुनी साडी, स्पीकरची वायर, 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन जोड्या लागणारा ॲम्प्लिफायर (आवाज आकड्यात दाखवणारा असला तर उत्तम) आणि एक मदतनीस. भाचा, वहिनी, शेजारचे काका, कोणीही चालेल. चेहऱ्यावरून काही कळू न देणारं माणूस हवं.

टेबलावर

१. वहीत एकूण बजेट लिहा. त्यात स्पीकर, स्टँड, वायर आणि लागला तर ॲम्प्लिफायर, सगळं धरा. स्टँडचे पैसे विसरलात तर चांगला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबला जातो आणि तिथे तो घुमतो.

२. बजेटात बसणाऱ्या पाच-सहा जोड्यांची नावं एकाखाली एक लिहा.

३. ज्याच्या खोक्यावर फक्त 'पीएमपीओ' वॅट छापलेत त्या नावावर काट मारा. पीएमपीओचे हजारो वॅट कुठल्याही ठरलेल्या मोजमापाला बांधलेले नसतात. 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' लिहिलेलेच वॅट धरा.

४. उरलेल्या प्रत्येक नावापुढे सेन्सिटिव्हिटी लिहा. ८५, ८७, ९० डीबी असा आकडा सापडेल. ३ डीबी कमी म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी ॲम्प्लिफायरकडून दुप्पट वॅट. इथे एक खाच आहे: आकडा '१ वॅट, १ मीटर'चा आहे की '२.८३ व्होल्ट, १ मीटर'चा? ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारखेच. पण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे आकडा ३ डीबीने जास्त दिसतो. तेवढे वजा करून लिहा.

५. स्पीकरचे किमान ओहम ॲम्प्लिफायरच्या पाठीवर छापलेल्या ओहमशी ताडून बघा. 'नॉमिनल ८' एवढंच वाचून थांबू नका. केईएफच्या एलएस५० मेटाच्या माहितीपत्रकात ८ ओहमच्या शेजारीच किमान ३.५ छापलेले आहेत. अशा स्पीकरला ४ ओहमचा भार पेलणारा ॲम्प्लिफायर लागतो.

६. फ्रिक्वेन्सीच्या आकड्याशेजारी ± चं चिन्ह शोधा. नुसतं '४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' म्हणजे काहीच नाही. ४० ला आवाज किती पडलाय ते सांगायला हवं. पुन्हा एलएस५० मेटाच बघा: ±३ डीबीच्या हिशेबाने तो ७९ हर्ट्झपासून, आणि -६ डीबीपर्यंत मोकळीक दिली की ४७ पासून. एकच स्पीकर, दोन्ही आकडे खरे. तुलना करताना दोन्ही नावांपुढे एकाच हिशेबाचा आकडा घ्या, नाहीतर प्रामाणिक कंपनी उगाच मागे पडते.

७. प्रत्येक नावासाठी तिऱ्हाइताने मोजलेला आलेख मिळवा. समोरचा आणि बाजूंचा आवाज एकाच चित्रात दाखवणारा, सीटीए-२०३४ पद्धतीचा मिळाला तर फारच छान. कंपनीच्या जाहिरातीतला गुळगुळीत आलेख बाजूला ठेवा.

८. आलेखाची उभी पट्टी वाचा. पूर्ण उंची ५० डीबीची आहे की १०० ची? १०० च्या पट्टीवर सह्याद्रीसुद्धा पठार दिसेल.

९. कोपऱ्यात 'स्मूदिंग' किती लिहिलंय ते बघा. १/३ ऑक्टेव्ह असेल तर बारीक खाचखळगे पुसले गेलेत. दोन्ही आलेखांची पट्टी आणि स्मूदिंग सारखं नसेल तर त्यांची तुलना करू नका, दुसरा आलेख शोधा.

१०. १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ या टप्प्यात समोरची रेषा किती वर-खाली जाते ते फूटपट्टीने मोजा. ±३ डीबीत बसली तर नाव ठेवा, नाही बसली तर काट मारा. सगळ्यात जास्त नावं इथेच गळतील. गळू द्या.

११. बाजूंच्या रेषा समोरच्या रेषेसारख्याच चालतात का ते बघा. वरच्या सुरांकडे त्या हळूहळू उतरल्या तर उत्तम. मध्येच खड्डा किंवा टेकाड दिसलं तर सावध व्हा, कारण घरात तुमच्या कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवर आपटून आलेला असतो.

१२. दोनच नावं ठेवा. तिसऱ्याचा मोह झाला तर किंमत बघून आवरा. तीन जोड्यांची चाचणी एका दुपारी होत नाही.

१३. दुकानदाराला विचारा: घरी ऐकायला देता का, आणि खोकं उघडल्यावर किती दिवसांत परत घेता? लॅमिंग्टन रोडला असा किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, उत्तर बिलावर लिहून घ्या. तोंडी 'बघू हो साहेब' धरू नका. कोणीच घरी देत नसेल तर शांत वेळी, सकाळी दुकान उघडताना जा आणि पुढच्या पायऱ्या जमतील तेवढ्या तिथेच करा. निदान आवाज जुळवायची पायरी तरी सोडू नका.

तुकडे

१४. तीन ध्वनिमुद्रणं फोनवर उतरवून घ्या. ही निवड मन लावून करा, कारण दुपारभर ती तुमचे कान होणार आहेत.

पहिलं, माणसाचं नुसतं बोलणं: कथाकथन किंवा बोलकं पुस्तक, शक्यतो भारदस्त पुरुषी आवाज. माणूस डब्यातून बोलतोय असं वाटतं का, ते इथे लगेच कळतं. दुसरं, तबला. डग्ग्याचा घुमार सुटा ऐकू येतो की सगळे ठोके एकाच गुमसुम आवाजात मिसळतात? चाटीवरचा 'ना' किनारीवर टणकन वाजतो की बोथट होतो? तिसरं, तानपुरा आणि गाणारी बाई. जवारीची झिणझिण गाण्याच्या मागे अखंड ऐकू यायला हवी, पण 'स' आणि 'श' कानात टोचता कामा नये. लावणीची आवड असेल तर तबल्याऐवजी ढोलकी घ्या, फड रंगलेला असेल असा तुकडा निवडा.

तव्यांवरून उतरवलेली जुनी गाणी मात्र चाचणीला घेऊ नका. कितीही लाडकी असली तरी त्यांत खर्ज आणि वरचे सूर फार कमी असतात, दोन्ही स्पीकर सारखेच वाटतील.

१५. प्रत्येक ध्वनिमुद्रणातला २० सेकंदांचा तुकडा ठरवून त्याची वेळ वहीत लिहा. लांब तुकडा घेऊ नका. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच विरते.

मांडणी

१६. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. खणखणीत झंकार परत आला तर फरशीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टाका.

१७. दोन्ही स्टुलं शेजारी-शेजारी, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवा. कोपऱ्यात सरकवू नका, तिथे खर्ज फुगतो.

१८. प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर स्टुलावर ठेवा. हो, एकच! दोष एकट्या स्पीकरवर जास्त स्वच्छ ऐकू येतात. जोडी लागली की आवाजाच्या पसाऱ्यात ते दडतात. एकाला 'अ' म्हणा, दुसऱ्याला 'ब'.

१९. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असा प्रत्येक स्पीकर उचलून घ्या. खाली जाडजूड पुस्तकं चालतील. हलत असेल तर घडी घातलेलं फडकं सरकवा.

२०. ॲम्प्लिफायरचं बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा. ट्यूबचा ॲम्प्लिफायर असेल तर इथेच थांबा. त्याची एखादी बाजू स्पीकरशिवाय मोकळी चालवायची नसते. ट्रान्झिस्टरचा मागून आणा.

२१. 'अ'ची वायर ॲम्प्लिफायरच्या 'ए'च्या डाव्या टर्मिनलला जोडा. लाल-काळ्याची गल्लत नको, आणि तांब्याची एकही तार शेजारच्या टर्मिनलला चिकटू देऊ नका. तेवढ्यावर ॲम्प्लिफायर जळतो.

२२. 'ब'ची वायर 'बी'च्या डाव्या टर्मिनलला जोडा.

२३. वाजवायच्या फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. हे राहिलं तर अर्धं गाणं उजव्या बाजूला हरवेल.

२४. फोनमधलं इक्वलायझर, डॉल्बी वगैरे सगळं बंद करा.

२५. फोन वायरने ॲम्प्लिफायरला जोडून त्याचा आवाज पूर्ण वर न्या. यापुढे फोनच्या आवाजाला हात लावायचा नाही.

२६. प्लग लावून ॲम्प्लिफायर चालू करा. आवाजाची खुंटी आधी शून्यावर आहे ना, बघून घ्या.

२७. बास आणि ट्रेबल मध्यावर आणून 'लाउडनेस' बंद करा.

२८. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही झाकले जातील अशी साडी दोरीवर टाका. साडी तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर आवाजही पलीकडे जाईल. पडदा, चादर, काठाची जरीची बाजू यांतलं काही नको. वरचे सूर त्यात अडकतात.

आवाज जुळवणं

इथे घाई अजिबात नको. दोनांपैकी जो जरा मोठा वाजतो तोच कानाला 'जास्त मोकळा', 'जास्त जिवंत' वाटतो. फरक इतका लहान असतो की तो मोठा आहे हे कळतच नाही, चांगला आहे असंच वाटतं. महागडा स्पीकर किंचित मोठा लावून विकता येतो तो यामुळेच.

२९. पंखा, एसी बंद करा आणि खिडक्या लावून घ्या.

३०. दुसऱ्या फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडून तो फोन तुमच्या कानाच्या जागी उशांवर ठेवा. हातात धरू नका. हात हलला की आकडा हलतो. ॲपचा आकडा थोडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, दोन्हीला एकच ॲप आहे ना.

३१. मदतनीसाला 'ए' लावून पिंक नॉइज वाजवायला सांगा. पावसाच्या सरीसारखा एकसुरी आवाज येईल.

३२. ॲप ७५ डीबी दाखवेपर्यंत ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवायला लावा.

३३. ॲम्प्लिफायरवरचा आकडा मदतनीसाच्या कागदावर 'अ'पुढे लिहायला सांगा. आकडे नसतील तर खुंटीभोवती चिकटपट्टी लावून पेन्सिलीची खूण करायला सांगा.

३४. 'बी' लावून तेच पुन्हा करा. दोन्हींतला फरक अर्ध्या डीबीच्या आत येईपर्यंत सोडू नका. 'ए' आणि 'बी' ही दोन्ही बटणं एकदम दाबली जाऊ देऊ नका, भार दुप्पट होतो.

ऐकणं

३५. नाणं मदतनीसाकडे द्या. छापा आला तर आधी 'अ', काटा आला तर आधी 'ब'. कौल फक्त त्याच्या कागदावर.

३६. बोलण्याचा तुकडा लावायला सांगा.

३७. पहिला स्पीकर २० सेकंद ऐका.

३८. मदतनीसाला आवाज शून्यावर आणून, बटण बदलून, दुसऱ्या स्पीकरच्या आकड्यावर न्यायला सांगा. प्रत्येक वेळी शून्यावर येऊनच, नाहीतर खुंटी किती फिरली यावरून तुम्ही ओळखाल.

३९. दुसरा स्पीकर २० सेकंद ऐका. हवं तर पुन्हा दोन्ही मागा, लाजू नका. "कसं वाटतंय, मामा?" असं मदतनीसाने विचारायचं नाही, एवढं आधीच बजावा.

४०. वहीत 'पहिला' किंवा 'दुसरा' लिहा. 'सारखेच' हे उत्तर नको. कळत नसेल तरी एक निवडा.

४१. त्याच्यापुढे कारणाचा एकच शब्द लिहा. कर्कश, घुमणारा, डब्यातला, मंद, मोकळा, जो पहिला सुचेल तो.

४२. पायरी ३५ पासून पुन्हा, प्रत्येक तुकडा दोनदा, अशा एकूण सहा फेऱ्या करा. नाणं दर फेरीला उडवायचं.

४३. खोलीबाहेर जाऊन चहा घ्या. कानांनाही विसावा हवा, आणि पुढचं काम तुम्ही बघायचं नाहीये.

४४. तेवढ्या वेळात मदतनीसाला दोन्ही स्पीकरच्या जागांची अदलाबदल करायला सांगा. वायरी ज्याच्या त्याला तशाच राहू द्यायच्या. एखादी जागाच चांगली वाजत असेल तर तिचा फायदा आता दुसऱ्यालाही मिळेल.

४५. आणखी सहा फेऱ्या करा. मधेच निकाल डोकावून बघायचा नाही!

हिशेब

४६. तुमची वही आणि मदतनीसाचा कागद शेजारी ठेवून कुठला स्पीकर किती फेऱ्यांत निवडलात ते मोजा.

४७. निकाल वाचा. १२ पैकी १० किंवा जास्त फेऱ्यांत एकच स्पीकर आला तर तो तुमचा. निव्वळ नाणेफेकीवर एवढा एकतर्फी निकाल लागण्याची शक्यता १०० त सुमारे ४ असते. ७, ८, ९ आले तर तुमचा ओढा दिसतोय, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याइतका नाही. ६-६ झाले तर बिनधास्त स्वस्तातला घ्या.

४८. वहीतले शब्द आलेखाशी ताडा. कान आणि आकडे इथे एकमेकांशी बोलू लागतात, आणि मला ही पायरी सगळ्यात आवडते. 'कर्कश' लिहिलंत तर २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा शोधा. 'डब्यातला' लिहिलंत तर २०० ते ५०० हर्ट्झ बघा. 'स' चुरचुरत असेल तर ६ ते ९ किलोहर्ट्झ. 'मंद' वाटला तर ८ किलोहर्ट्झच्या पुढे रेषा खाली गेलेली असेल.

'घुमणारा' हा शब्द दोन्ही स्पीकरपुढे आला असेल तर दोष स्पीकरचा नाही, खोलीचा आहे. समोरासमोरच्या १० फुटी भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतोच. त्यासाठी स्पीकर बदलू नका. स्पीकर किंवा खुर्ची फूटभर सरकवून बघा.

आणि शब्द व आलेख अजिबात जुळले नाहीत तर? तुमचा निकाल १० किंवा जास्त असेल तर कानांचंच ऐका. घरात रोज तुम्ही ऐकणार आहात, आलेख नाही.

४९. साडी काढून निवडलेली पूर्ण जोडी लावा. फोनवरचं 'मोनो' बंद करायला विसरू नका.

५०. आठवडाभर रोजच्यासारखं ऐका: बातम्या, सिनेमा, मुलांची गाणी. कान दुखू लागले, आवाज कमी करावासा वाटला, तर ती तक्रार खरी माना.

५१. परतीची मुदत संपायच्या दोन दिवस आधी निर्णय घेऊन दुकानदाराला फोन करा. तोवर खोकं, थर्माकोल, पिशव्या काहीही टाकून देऊ नका.

ॲम्प्लिफायर, डॅक किंवा वायर निवडायची असेल तर हीच रीत, पण तीन बदलांसह. एक, आवाज फोनने नाही तर मल्टिमीटरने जुळवा: १०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवरचे एसी व्होल्ट दोन्हींना १ टक्क्याच्या आत सारखे करा. दोन, आवडीऐवजी ओळख विचारा: आधी 'अ' आणि 'ब' उघड ऐका, मग नाणं ठरवेल तो गुपचूप लावायला सांगा आणि कुठला ते ओळखा. तीन, १२ ऐवजी १६ फेऱ्या करा. १६ पैकी १२ बरोबर आले तर फरक तुम्हाला खरोखर ऐकू येतोय. त्याहून कमी आले तर दोन्हींतला स्वस्त डबा ठेवा आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.